मदत हवी आहे: सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावीच का?

नमस्कार मंडळी. आमच्या गोव्यातल्या फोंडा भागातल्या देवस्थानाची अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याची इमारत) नव्याने बांधायची आहे. तीन सीलबंद निविदा आल्या. सर्वांत कमी दराची निविदा आमच्या इंजिनियरच्या अंदाजपत्रकापेक्षा जवळपास पाव हिश्शाने खाली आहे. समितीतले बरेच जण म्हणतात, महाजनांचा (देवस्थानाच्या सभासद कुळांचा) पैसा आहे, स्वस्त आहे त्यालाच काम द्या, उद्या कोणी बोट दाखवायला नको.

मला हे पटत नाही. त्या निविदेत स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगपुढे नुसतं ‘आवश्यकतेनुसार’ लिहिलंय. चिरे कुठल्या खाणीचे, सिमेंट कुठल्या ग्रेडचं, काहीच नाही. आपल्याकडचा पाऊस असल्या मोघमपणाला दाद देत नाही, आणि पुढे ‘एक्स्ट्रा आयटम’ची, म्हणजे निविदेत न धरलेल्या कामांची बिलं येणार ती वेगळीच.

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत ठरावीक सरकारी कामांसाठी निविदा निवडताना दरासोबत गुणवत्तेला कमाल 30 टक्के वजन द्यायला मुभा दिली आहे. खाजगी देवस्थानाला असं काही करता येईल का? निविदा उघडल्यावर निकष बदलणं अन्यायाचं, म्हणजे फेरनिविदाच काढावी लागेल ना? की त्याच ठेकेदाराकडून दरांचं पृथक्करण (कुठला दर कसा काढला त्याचा हिशोब) आणि जादा अनामत मागावी? कोणी असं काम करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. रविवारी समितीची बैठक आहे.