नाताळची ड्युटी आणि येळवस

प्रेषक: परभणीची, सध्या लेस्टर
दिनांक: २६ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

काल सलग तिसऱ्या वर्षी नाताळच्या दिवशी ऑन-कॉल होते. आयटी सपोर्टमध्ये आहे, टीममध्ये आम्ही सहा जण. डिसेंबरचा रोटा, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, लागतो तेव्हा २५ तारखेपुढे माझं नाव आधीच लिहिलेलं असतं. विचारलं की एकच उत्तर, ‘तुमच्याकडे हा सण नसतो ना?’ यात कुणाचा दुष्टपणा नाही, तरी ते मनाला लागतं. रेल्वे बंद, दुकानं बंद, मैत्रिणी आपापल्या घरी, आणि मी फोन उशाशी घेऊन खोलीत. दिवाळीला रजा मागितली तेव्हा मात्र ‘या आठवड्यात माणसं कमी आहेत’ म्हणाले.

पुढच्या वर्षी सरळ नाही म्हणू का? तुमच्यापैकी कुणी यातून वाट काढली असेल तर सांगा.

*

प्रेषक: औसा तालुका, सध्या गावी
दिनांक: २७ डिसेंबर २०२५

ताई, नमस्कार.

मीही आयटी सपोर्टलाच आहे, पंधरा वर्षं झाली. महिनाभर आईकडे आलोय आणि इथूनच काम करतोय. काल दिवसभर तुरीची रास चालू होती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

माझं म्हणणं एवढंच, की नाताळ नाकारू नका. नाताळ द्या, पण त्याच्या बदल्यात आपला दिवस नाव घेऊन मागा आणि तो रोट्यात लिहून घ्या.

माझा दिवस येळवस. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावास्या, पंचांगात वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं, अख्खी माणसं शेतात. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यातली आंबील. आमची आई भज्जीत हरभऱ्याचे कोवळे घाटे, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, चिंच, जे रानात आणि घरात असेल ते घालते आणि वरून बेसन लावते. त्या भज्जीला वास येतो तो ओल्या हरभऱ्याचा. तो वास परदेशात कुठल्याच डब्यातून मला मिळाला नाही.

अडचण अशी, की येळवस तिथीवर चालते. २०१९ साली ती २६ डिसेंबरला आली, म्हणजे ऐन बॉक्सिंग डेला, नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीला. २०२२ ला २३ डिसेंबर, पुढची थेट ११ जानेवारी २०२४, नंतर ३० डिसेंबर २०२४, यंदा १९ डिसेंबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढची येळवस जानेवारी २०२७ मध्ये. तिकडच्या मॅनेजरला हे कुठून कळणार? त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपला दिवस छापलेलाच नसतो, तो आपणच नेऊन लिहावा लागतो. मी चार वर्षांपूर्वी जानेवारीतच मेल केला: २५ आणि २६ डिसेंबर मी सांभाळतो, मला या तारखेला सुट्टी हवी, आमच्या शेताचा सण आहे. मॅनेजरबाईंनी एका तासात होकार दिला. त्यांनाही २५ तारखेला माणूस हवाच होता.

कायद्याचंही सांगून ठेवतो. ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, सुट्टी मिळालीच पाहिजे असा हक्क नाही. हक्क आहे तो वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजेचा, आणि त्यातच बँक हॉलिडे मोजायचे की नाहीत हे करारावर ठरतं. तेव्हा आधी आपला करार काढून वाचा.

आता परवाची ड्युटी. २५ तारखेला दुपारी चार वाजता, म्हणजे तिकडे सकाळी साडेदहाला, फोन वाजला. आमच्याकडे काही वृद्धाश्रमांचं काम आहे. नर्सबाई म्हणाल्या, दुपारच्या औषधांचे तक्ते छापून निघत नाहीत, आजी-आजोबा जेवायला बसायच्या आत हवेत. मी बांधावर होतो. घराच्या आत सिग्नल येत नाही, तिथे दोन काड्या येतात. मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं, लॅपटॉप तुरीच्या पोत्यावर ठेवला. बघतो तर प्रिंट सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली. कुणीतरी नाताळच्या जेवणाचा मेन्यू मोठमोठ्या फोटोंसकट पुन:पुन्हा छापायला टाकला होता. कागद निघायच्या आधी प्रत्येक काम स्पूल फोल्डरमध्ये उतरतं. ते तिथे तुंबलं आणि मागची सगळी कामं अडकली. स्पूलरची, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी, सेवा थांबवली, तुंबलेल्या फाइली काढल्या, सेवा परत चालू केली. वीस मिनिटांचं काम, पण मधे दोनदा रेंज गेली आणि मी फोन डोक्यावर धरून बांधावर उभा राहिलो. शेवटी पलीकडून प्रिंटरची घरघर ऐकू आली. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे कसला आवाज येतोय? म्हटलं, मळणीयंत्र, तूर चाललीय. त्यांचे आजोबा शेतकरी होते. पुढची पाच मिनिटं त्या गव्हाबद्दल बोलल्या आणि मी तुरीबद्दल.

त्या दिवशी माझ्याऐवजी दुसरं कुणी असतं तर त्याला जेवणाच्या टेबलावरून, लेकरांच्या मधून उठावं लागलं असतं. मी सहा दिवसांपूर्वीच कोपीत बसून पोटभर भज्जी खाल्लेली होती. मला त्या फोनचा जरासुद्धा राग आला नाही. राग येतो तो आपल्या ताटात काहीच पडलं नाही तर, आणि तुमचं नेमकं तेच झालंय.

गावाकडून काम करायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. परदेशातून लॉगिनची परवानगी निघायच्या आधी लेखी घ्या, नाहीतर सिस्टिम भारतातलं लॉगिन अडवते आणि सुट्टीच्या दिवशी ते उघडून द्यायला ऑफिसात कुणी नसतं. आणि ओटीपी तिकडच्या सिमवर येत असेल तर रोमिंग चालू आहे ना ते विमानतळावरच तपासा. पहिल्या वर्षी मी ते तपासलं नव्हतं आणि दोन दिवस नुसता बसून होतो.

*

प्रेषक: जालन्याची, आता निवृत्त
दिनांक: २८ डिसेंबर २०२५

दोघांनाही आशीर्वाद.

‘तुमच्याकडे हा सण नसतो ना’ हे वाक्य वाचलं आणि आज लिहायला बसले. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मला बऱ्याच जणांनी पाहिलंय, पण मी ख्रिस्ती आहे हे फार थोड्यांना माहीत असेल. मी अठ्ठावीस वर्षं इंग्लंडमध्ये कॉम्प्युटर विभागात काढली. आडनाव मराठी, कपाळ मोकळं असलं तरी चेहरा आपला. पहिल्याच डिसेंबरात साहेबांनी मला नाताळची ड्युटी लावली, याच कारणानं. नवीन होते, गप्प बसले. मग दरवर्षी तेच. १९९९ च्या डिसेंबरात तर वायटूके होतं. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले, त्यामुळे ०० आलं की यंत्र १९०० समजेल ही धास्ती. नाताळही मशीनरूममध्ये आणि ३१ ची रात्रही. रात्रीचे बारा वाजून गेले, सगळं सुरळीत चाललं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आईकडे आदल्या आठवड्यात उपासनेला कोण कोण आलं होतं, एवढंच डोक्यात होतं.

आमचं घर जालन्याचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, निजामाच्या राज्यात. तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, आमचे पणजोबा. आमचा नाताळ म्हणजे पेटी, ढोलकी, टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आम्ही भजनासारखी म्हणतो, पाठ आहेत. पोरं रात्री घरोघर गात फिरायची आणि दर घरी हातावर करंजी पडायची. दिवाळीचाच आकाशकंदील आई पुसून ठेवायची आणि डिसेंबरात परत लावायची. शेजारच्या मावशी दिवाळीचा फराळ आमच्याकडे पाठवायच्या, आम्ही नाताळचा त्यांच्याकडे. ताट कधीच रिकामं परत जायचं नाही.

दादा, तुमचा तोडगा चांगला आहे. पण तो चालतो कारण तुम्ही तोंड उघडलंत. माझा दिवस २५ डिसेंबरच होता. तो सगळ्यांच्या कॅलेंडरवर लाल अक्षरात छापलेला होता, तरी मला मिळाला नाही, कारण मी बोलले नाही. पोरी, नाही म्हण किंवा हो म्हण, ते तुझं तू ठरव. पण तुझं काय आहे आणि काय नाही, हे त्यांना तू सांग. त्यांना ठरवू देऊ नकोस. आणि मंडळाच्या समितीला विनंती, पुढच्या डिसेंबरात एक संध्याकाळ टिळकांच्या पदांची ठेवा. पेटी मी वाजवीन.

*

प्रेषक: परभणीची, सध्या लेस्टर
दिनांक: २८ डिसेंबर २०२५

काकू, तुमचा मेल दोनदा वाचला. मग आईला फोन करून तिलाही वाचून दाखवला. आमच्याही वर्गात दोन ख्रिस्ती मुली होत्या, त्यांच्या नाताळबद्दल मी कधी विचारलं नव्हतं.

दादा, मेलचा मसुदा केलाय. आमच्याकडे येळवशीपेक्षा महालक्ष्म्या मोठ्या, म्हणून सप्टेंबरातले तीन दिवस मागितलेत: महालक्ष्म्या येतात, जेवतात, जातात ते तीन दिवस. बदल्यात पुढच्या वर्षीचा नाताळ माझा, २०२७ चा मात्र दुसऱ्या कुणाचा. आमचा रोटा ५ जानेवारीला उघडतो. त्याआधी तुम्ही मसुदा एकदा बघाल का? ‘महालक्ष्म्या’ इंग्रजीत कसं समजावून सांगावं, तिथेच अडले आहे.