दिवंगत लेखकाच्या कागदपत्रांची १४ खोकी आली आहेत: आधी लावायची, स्कॅन करायची की यादी?

वाचनकक्ष (प्रश्न)

ग्रंथालयाला एका दिवंगत लेखकाची कागदपत्रं देणगी म्हणून मिळाली आहेत, एकूण १४ खोकी. आलेली पत्रं, पाठवलेल्या पत्रांच्या काही कार्बन प्रती, लेखांचे खर्डे, डायऱ्या, कात्रणं, थोडे फोटो, आणि शेवटच्या खोक्यात कॅसेटी व फ्लॉप्या. दहा खोक्यांत गठ्ठे सुतळीने बांधलेले आहेत, वर चिठ्ठ्या आहेत. उरलेल्या चारांत नुसता काला आहे.

सगळी पत्रं बाहेर काढून तारीखवार लावावीत असं इथे बहुतेकांचं मत आहे. ते बरोबर का? टाचण्या-स्टेपल सरसकट काढायचे का? स्कॅनिंगची सोय लगेच होण्यासारखी आहे, तर तेच आधी उरकावं का? आणि हे सगळं वाचकांना कधी खुलं करता येतं?

दप्तरबंद

सुतळी सोडू नका. तारीखवार लावणी सोयीची वाटते खरी, पण त्यात जे जातं ते परत मिळत नाही. समजा, एका गठ्ठ्यावर ‘उत्तर द्यायचे’ अशी चिठ्ठी आहे. त्यातली ४० पत्रं तारखांप्रमाणे पांगली, की ती लेखकाने मुद्दाम बाजूला काढली होती हे कुणालाच कळणार नाही. तारीखवार यादी संगणकावर एका क्लिकवर मिळते, मोडलेला गठ्ठा मिळत नाही. म्हणून दोन गोष्टी पक्क्या धरा: एका व्यक्तीचे कागद दुसऱ्या कुणाच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि तिने स्वतः ठेवलेला क्रम मोडायचा नाही.

काल्याबद्दल देणगीदारांना आत्ताच विचारा, वर्षभराने त्यांनाही आठवणार नाही. हलवाहलवीत झालेला काला म्हणजे क्रम नव्हे. तिथे पत्रव्यवहार, खर्डे, डायऱ्या, कात्रणं असे प्रकार पाडा. पत्रं लिहिणाऱ्याच्या आडनावाने आणि एकेका नावाखाली तारखेने लावा. कागद मुळात कुठल्या खोक्यात होता तो क्रमांक मात्र फोल्डरवर राहू द्या.

पण या सगळ्याच्या आधी: खोकी थेट भांडारात नेऊच नका. वेगळ्या, कोरड्या खोलीत उघडा आणि तळाशी भुसा, कसरीची कात, जिवंत किडे दिसतात का ते बघा. दिसले तर पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवायचं, बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. काचेच्या निगेटिव्ह आणि कॅसेटी यातून वगळा. बुरशी बोट लावताच चिकट फासली गेली तर ती जिवंत आहे, भुकटीसारखी उडाली तर सुप्त. दोन्ही वेळा मास्क हवाच. आणि डांबराच्या गोळ्या नकोत: किडे हमखास मरतातच असं नाही, वाचकाचं डोकं मात्र नक्की दुखतं.

मग प्रत्येक खोक्याला क्रमांक, उघडल्याबरोबर वरून एक फोटो, आणि गठ्ठ्यामागे यादीत एक ओळ: खोके, गठ्ठा, चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा, जाडी सेंटिमीटरमध्ये, सर्वांत जुनी व नवी तारीख, अवस्था. पानापानाची नोंद या टप्प्यावर करू नका. १४ खोक्यांची कच्ची यादी ही तीन खोक्यांच्या देखण्या यादीपेक्षा केव्हाही उपयोगी. पक्क्या वर्णनासाठी आयसॅड-जी या आंतरराष्ट्रीय मानकात २६ घटक आहेत, पण अत्यावश्यक सहाच: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारखा, आकारमान आणि वर्णनाची पातळी (संपूर्ण संग्रह, मालिका, फाइल की सुटा कागद).

शाईचा_डाग

टाचण्यांबद्दल. गंजलेल्या सगळ्या काढा. स्वच्छ, न गंजलेल्या स्टेपलला हात लावू नका. भांडारातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहत असेल तर तो वेळ दुसरीकडे लावा.

काढायची पद्धत: जबड्यासारखं स्टेपल-रिमूव्हर वापरायचं नाही, ते कागदाचा तुकडाच उचलतं. कागद पालथा ठेवा म्हणजे स्टेपलची दुमडलेली टोकं वर येतात. प्रत्येक टोकाखाली पॉलिस्टर फिल्मची पातळ पट्टी सरकवा आणि तिच्यावर टेकवून बोथट चपट्या सुरीने टोक उभं करा. दोन्ही उभी झाली की कागद सुलटा करून, वरच्या बाजूलाही पट्टी घालून, स्टेपल सरळ वर ओढा. गंज कागदाला चिकटला असेल तर आधी पट्टी हलकेच मागेपुढे करा, तो सुटतो. सोबतची पानं सुटी होऊ नयेत म्हणून आम्लमुक्त कागदाचा दुमडलेला ताव त्यांच्याभोवती घाला. वाळून चिकटलेला रबर बँड बोथट सुरीने खरवडायचा, ओढायचा नाही. सेलोटेपच्या वाटेला जाऊच नका, ते संवर्धकाचं, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं, काम.

फोल्डर आम्लमुक्त हवेत. त्यातही कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असले तर उत्तम, पीएच साधारण ७.५ ते १०. तळाच्या घड्या कागदाच्या जाडीइतक्या पाडा आणि दीड सेंटिमीटरच्या वर भरू नका. उभ्या पेटीत जागा उरली तर कागद वाकतात आणि तसेच राहतात, म्हणून पुठ्ठ्याची घडी घालून जागा भरा. खच्चून भरली तर फोल्डर ओढताना कडा फाटतात.

जुन्या पत्रांतली शाई बघा. निळीकाळी तपकिरी झाली असेल, अक्षराभोवती वलय असेल, पाठीमागे अक्षर उमटलं असेल, तर मायफळ आणि हिराकसापासून केलेल्या प्रकारातली लोहयुक्त शाई समजा. ती आम्लधर्मी असते आणि हळूहळू कागद खाते. जिथे लेखणी जड टेकली तिथे अक्षराच्या आकाराची भोकं पडतात. असा कागद ओलसर करून घडी सरळ करायचा मोह टाळा. पाण्याबरोबर आतलं लोह आजूबाजूला पसरतं आणि चांगला भागही सडायला लागतो.

क्रमांक मऊ पेन्सिलीने, पानाच्या सुलट बाजूला, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, हात हलका ठेवून. ग्रंथालयाचा शिक्का मजकुरावर मारण्याची खोड इथे मेहेरबानी करून आवरा.

तीन_प्रती

स्कॅनिंग यादीनंतरच. क्रमांक नसलेल्या पानांच्या हजारो फाइल्स म्हणजे चार खोक्यांचा काला चौदांत नेणं. फाइलचं नाव संदर्भ क्रमांक, पान आणि बाजू यांवरून पडलं पाहिजे.

हस्तलिखिताला ४०० पीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके), २४ बिट रंगीत, मूळ प्रत बिनदाबाची टिफ, म्हणजे आकार कमी करायला न दाबलेली चित्रफाइल. ए४ आकाराची एक बाजू साधारण ४६ एमबी होते, म्हणजे १०,००० बाजूंना सुमारे ४६० जीबी. तीन प्रती धरा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ठसा, फाइल जराही बदलली तर तोही बदलतो) काढून ठेवा आणि ठरावीक काळाने पडताळा. नुसती प्रत असून भागत नाही, ती बिघडली आहे का हे कळायला हवं. स्वयंचलित फीडरमधून मूळ पत्रं कधीही घालू नका.

फ्लॉप्यांना घाई आहे, कागदांना एवढी नाही. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. ती उघडी करून मगच ड्राइव्हमध्ये घाला आणि सुट्या फाइल्स न उचलता अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिची जशीच्या तशी एकच फाइल, घ्या. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही कान आधी मोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. गुळगुळीत फॅक्सचे कागद दिसले तर त्याच दिवशी झेरॉक्स, ते पुसट होत जातात.

दप्तरबंद

खुलं करण्याबद्दल. आलेल्या पत्राचा कागद लेखकाच्या वारसांनी दिला म्हणून तुमचा झाला, मजकुराचा कॉपीराइट मात्र पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. वाचनकक्षात दाखवणं आणि इंटरनेटवर चढवणं यांत म्हणूनच फरक करा. देणगीपत्रात मालकी, कॉपीराइट आणि नको असलेल्या कागदांचं काय करायचं हे तिन्ही लिहून घ्या. आजारपण, पैसे, हयात माणसांविषयी खासगी मजकूर असलेला गठ्ठा बंद ठेवायचा तर किती सालापर्यंत ते आजच लिहा. ‘सध्या बंद’ एवढंच लिहिलेलं पुढे कोणी उघडत नाही.

वाचनकक्ष

आभार, सुतळी तशीच आहे. दोन शंका. कात्रणांच्या शेजारच्या पत्रांवर तपकिरी चौकोन उमटलेत. आणि एक खर्डा पाठकोऱ्या कागदांवर आहे, म्हणजे आलेल्या पत्रांच्याच मागे. तो पत्रांत ठेवायचा की खर्ड्यांत?

शाईचा_डाग

वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारी उतरतं, त्याचाच तो चौकोन. डाग जाणार नाही, पुढचा थांबेल. कात्रणाची आम्लमुक्त कागदावर झेरॉक्स काढून जागेवर ठेवा. समासात लेखकाचं काही लिहिलेलं असेल तर मूळ कात्रण पॉलिस्टरच्या पाकिटात वेगळं ठेवा, पीव्हीसी नको.

पाठकोरे कागद खर्ड्यातच राहू द्या, लेखकाने ते तसेच ठेवले होते. पत्रव्यवहाराच्या यादीत त्या पत्राची ओळ घाला आणि पुढे ‘पाहा: खर्डा अमुक, पान तमुक’. मागच्या पत्राची तारीखही नोंदवा. बिनतारखेचा खर्डा त्या पानापुरता तरी त्या तारखेच्या आधीचा नाही, एवढं त्यावरून बहुधा ठरतं. आणि स्कॅन करणाऱ्याला बजावून सांगा: मागची बाजू ‘रफ’ समजून सोडली जाते ती नेमकी अशाच पानांवर.