कळवा-ऐरोली लाइनचं नक्की काय? घराचा निर्णय अडलाय

नीलिमा_ज
रविवारपर्यंत टोकन द्यायचं आहे. एजंट म्हणतो, कळवा-ऐरोली लाइन झाली की ऑफिसला थेट लोकल. त्याच्या भरवशावर घर घ्यावं का? ठाण्याला गाडी बदलून जीव मेटाकुटीला आलाय. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, प्लीज.

रूळावरचा_माणूस
घर कुठे, ऑफिस कुठे? ते कळल्याशिवाय काय सांगणार?

नीलिमा_ज
ऑफिस रबाळे, म्हणजे ठाणे-वाशी लाइनवर. सध्या डोंबिवलीत राहते.

विटावकर
रबाळे ना? मग ठाण्याला जाताच कशाला? स्लो लोकलने कळव्याला उतरा, विटाव्याहून ठाणे-बेलापूर रोडने बस. मी कायम असाच जातो.

पुष्पा_कुलकर्णी
विटावकर, सकाळी भरलेल्या गाडीतून कळव्याला उतरून दाखवा. लेडीज डब्यात दारापर्यंत पोचेस्तोवर ठाणं येतं. शिवाय विटाव्याच्या पुलाखाली पावसाळ्यात पाणी भरतं.

मेट्रोवाला
लोकलचा नाद सोडा. मेट्रो ५ होतेय, ठाणे-भिवंडी-कल्याण. तिकडे घर बघा.

रूळावरचा_माणूस
ती कापूरबावडीला जाते. रबाळ्याला जाणाऱ्या बाईंना भिवंडीमार्गे घोडबंदर रोडला नेऊन काय उपयोग?
नीलिमाताई, कळवा-ऐरोली उन्नत मार्ग एमयूटीपी-३ मधला, म्हणजे मुंबईच्या लोकल विस्ताराच्या योजनेतला, केंद्राची मंजुरी २०१६ची. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण ते ठाणे-वाशी मार्गावरचं. कल्याणकडच्या गाड्या ठाण्याला न जाता वळवणारा मुख्य तुकडा राहिलाय, आणि तो अडला मार्गातल्या कुटुंबांच्या पुनर्वसनावर. त्यांना घरं दिल्याशिवाय रूळ पडणार नाहीत, पडूही नयेत. एजंट दिघा गाव दाखवून 'काम झालंच' म्हणत असेल तर फसू नका.

ॲडव्होकेट_काका
घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

मेट्रोवाला
ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ला झाली, तरी गर्दी तशीच. रेल्वेवर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

रूळावरचा_माणूस
मेल-एक्स्प्रेस वेगळ्या निघाल्या, हा फायदा झालाच. कुर्ल्यापुढे सीएसएमटीपर्यंत त्या मार्गिका नाहीत, अडचण तिथे आहे.

नीलिमा_ज
अहो, माझं घर राहिलं बाजूला! आणि घर बदलापूरला आहे, डोंबिवलीला भाड्याने राहते.

पुष्पा_कुलकर्णी
अगं, हे आधी सांगायचंस! बदलापूरला गाड्या डोंबिवलीपेक्षा कमी. एक चुकली तर पुढचं सगळं गणित कोसळतं.

रूळावरचा_माणूस
मग प्रश्नच वेगळा. तुमच्यासाठी कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका जास्त महत्त्वाची. तिचं काम चालू आहे. ती झाली की जादा लोकलना वाव मिळेल. पण थेट रबाळे नाहीच, ठाण्याला बदलावंच लागेल. टोकनआधी एकदा ऑफिसच्या वेळेला बदलापूरहून निघून बघा.

नीलिमा_ज
उद्याच जाते. पहाटेची शिफ्टही असते, तेव्हा बदलापूरहून बसायला मिळतं का?

विटावकर
शिफ्ट किती वाजता सुरू होते?