०.७ व्होल्ट ही काही पक्की रेघ नाही

डायोड म्हणजे वीजप्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. "सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्टला सुरू होतो, त्याखाली बंद," असं बरेचदा सांगितलं जातं. ढोबळ हिशेबाला ते चालतं, पण डायोडमध्ये असा उंबरठा नसतोच. प्रवाह घातांकी वाढतो. आदर्श डायोडला खोलीच्या तापमानाला साधारण ६० मिलिव्होल्ट वाढवले की प्रवाह दहापट होतो (प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात). म्हणून १ मिलिअँपिअरला ०.६ व्होल्टच्या आसपास दिसणारा डायोड १ मायक्रोअँपिअरला ०.४ व्होल्टच्याही खाली असतो.

तापमानाचा मुद्दा मात्र यात सुटूनच जातो. १एन४१४८ सारखा काचेचा छोटा डायोड मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर लावा आणि चिमटीत धरा. बोटांच्या उबेने मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा हळूहळू उतरतो, दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रोब सैल झालाय असं वाटून परत परत लावून पाहिलं होतं! याचमुळे जास्त प्रवाहासाठी दोन डायोड नुसते समांतर जोडू नका. जो जरा जास्त तापतो त्याचा व्होल्टेज उतरतो, मग तोच आणखी प्रवाह ओढतो आणि आणखी तापतो. प्रत्येकाला सिरीजमध्ये छोटा रेझिस्टर द्या, नाहीतर सरळ मोठ्या क्षमतेचा एकच डायोड घ्या.