आई गेल्यापासून चर्चमध्ये तोंड उघडत नाही, कांदे चिरताना मात्र प्रार्थना होते

घोरपडीची_आल्टो

जय ख्रिस्त. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

मी ४३ वर्षांची. माहेर नगरचं, गेली १९ वर्षं पुण्यात, घोरपडीत. चौथ्या पिढीची ख्रिस्ती. म्हणजे बाप्तिस्मा तान्हेपणी, दृढीकरण (स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा विधी) पंधराव्या वर्षी, आणि दोन्ही वेळा मला खरं म्हणजे कुणी काही विचारलं नव्हतं. (दृढीकरणाला विचारतात, पण सगळं गणगोत नवे कपडे घालून बसलेलं असताना "नाही" कोण म्हणतं?) शब्बाथ शाळा झाली, तरुण संघ झाला, नाताळच्या नाटकात सलग तीन वर्षं मेंढी झाले, मग गायकवर्ग. विश्वास आहे की नाही हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही. दूधवाल्याचं खातं असतं तसा तो चालू होता.

बाबा गेल्यावर, २००९ पासून, आई माझ्याकडे राहायची. दोघी गायकवर्गात, दोघी दुसऱ्या आवाजात, एकाच बाकावर आणि एकाच पुस्तकातून. तिचं 'उपासना संगीत' मूळ कव्हर कधीच गेलेलं, वरून खाकी कागद. त्यात गीतांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी आहेत. आद्याक्षरं आणि तारीख. लहानपणी वाटायचं, आवडत्या गाण्यांवर खुणा करत असेल. मोठी झाल्यावर कळलं, ज्याच्या मातीला ते गीत म्हटलं गेलं त्याची ती नोंद असायची. काही गीतांच्या कडेला सात-आठ जण दाटीवाटीनं उभे आहेत.

मागच्या ऑगस्टमध्ये ती गेली. अकरा दिवस आयसीयूत होती. शेवटच्या रात्री मी खाली चहा प्यायला गेले होते.

मातीच्या वेळी मी गायले. "पोरगी धीराची" असं सगळे म्हणाले. पुढच्या रविवारी पहिलं गीत सुरू झालं आणि घसा बंद. रडू आलं असतं तरी चाललं असतं. ते नाही, नुसता आवाजच नाही. दोन-तीन रविवार ओठ हलवले, मग गायकवर्ग सोडला. आता शेवटच्या बाकावर पंख्याखाली बसते आणि आशीर्वादाच्या आधी सटकते, कारण बाहेर भेटणारी माणसं. "देवानं त्याच्या बागेसाठी फूल खुडलं." अहो, ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेली, इन्सुलिन घेणारी बाई, फूल कसलं? आईनं हे ऐकलं असतं तर खो खो हसली असती. एका प्रार्थनासभेत तर एक बाई म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून आवाज बंद झालाय. त्या दिवसापासून प्रार्थनासभाही बंद.

आता शनिवारचं सांगते. आमच्या महिला मंडळाची जुनी सेवा आहे. ससूनमध्ये भरती असलेल्यांच्या नातेवाइकांना संध्याकाळी खिचडी द्यायची. १२ किलो तांदूळ, ५ किलो मूगडाळ, ६ किलो कांदा. जानेवारीत कांदे चिरणाऱ्या एक काकू पडल्या, हात मोडला, म्हणून मला बोलावलं. तिथं कुणी गायला सांगत नाही आणि रडलं तर कुणी विचारत नाही, कांद्यावर खपून जातं. म्हणून टिकले.

फेब्रुवारीत एक बाबा भेटले, वेल्ह्याकडचे. बायको आत, हे चार दिवस फुटपाथवर. मी वाढत होते तर म्हणाले, "तुमचं कोन हाय आत?"

"कुणी नाही बाबा."

"मग?"

त्या "मग?"वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोंडातून निघालं, "आई होती. दुसऱ्या दवाखान्यात. गेली."

ते सरकले, सतरंजीचा कोपरा झटकला. "बसा जरा." मी पातेलं घेऊन तिथंच बसले. त्यांनी धीर दिला नाही, देवाचं नाव काढलं नाही, काहीच बोलले नाहीत. खिचडी खात होते. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "मीठ कमी हाय."

घरी जाताना रिक्षात मी सहा महिन्यांनी पहिल्यांदा प्रार्थना केली. शब्द काय, तर "प्रभू, बाबांची बायको. आणि मीठ." एवढंच. पण कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. आयुष्यात असं आधी कधी वाटलं होतं का, हेच आता आठवत नाही.

तर विचारायचं हे. चर्चमध्ये दगड आणि पातेल्यापाशी पाणी, याला विश्वास म्हणायचं की समाजसेवेनं येणारं बरं वाटणं? आणि दुसरं, गायकवर्गाचे प्रमुख ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला बोलावताहेत. ती कबरस्तानात असते. आईची कबर तिथंच आहे. जाऊ का?

कोथरूडचा_नास्तिक

तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. मी या विषयातला नाही, पण वाचलं म्हणून विचारतो. भुकेल्या माणसाला खिचडी द्यायला देव मध्ये कशाला? बरं वाटतं ना, मग वाटू द्या, त्याला नाव देण्याचा आटापिटा का? आणि एक प्रश्न स्पष्टच विचारतो. खिचडीबरोबर पत्रकं वाटता का?

घोरपडीची_आल्टो

नाही. पातेल्यावर मंडळाचं नावसुद्धा नाही, फक्त "परत करावे" असं रंगानं लिहिलंय, तरी दोन गेली. कुणी विचारलं तर चर्चकडून आलोय म्हणून सांगतो. बहुतेक जण लोणचं आहे का एवढंच विचारतात.

नाव देण्याचा आटापिटा का, हा प्रश्न चांगला आहे. त्या रिक्षात मी एकटी नव्हते असं मला वाटलं, म्हणून.

रात्रपाळी

ताई, मी नर्स आहे, १४ वर्षं. तुम्ही एवढं सगळं सविस्तर लिहिलंत, पुस्तकाचा खाकी कागदसुद्धा, आणि "खाली चहा प्यायला गेले होते" हे एका ओळीत टाकून पुढं पळालात. मी तिथंच थांबले.

हे मी किती वेळा पाहिलंय म्हणून सांगू. मुलगी अकरा दिवस उशाशी असते, दहा मिनिटं खाली जाते आणि तेवढ्यात पेशंट जातो. मग वर आल्यावर ती आमच्याकडे ज्या नजरेनं बघते ना, ती नजर मला ओळखता येते. त्या बाईंनी विश्वास मोजला, त्यांना मोजू द्या. तुमचा घसा त्या चहापाशी अडकलाय असं मला वाटतं. हे कुणाला तरी मोठ्यानं सांगा. पाळकांना, नाहीतर त्या हात मोडलेल्या काकूंना. मी कॅथलिक, आमच्याकडे पापनिवेदनाची खोली तरी असते, तुमच्याकडे ओटा आहे.

जुना_ऑर्गनवाला

मुली, मी ३० वर्षं ऑर्गन वाजवला, आता बोटं साथ देत नाहीत. दोन-तीन गोष्टी सांगतो, पटल्या तर घे.

८८वं स्तोत्र उघड. विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण ती रडत सुरू होतात आणि शेवटाकडे कुठंतरी वळून स्तुतीवर येतात. हे एक वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. आणि त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय बघ, "मुख्य गवयासाठी". म्हणजे हे गायलाच दिलं होतं, मंदिरात, सगळ्यांसमोर. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ते काढून टाकलं नाही.

दुसरं, तू गायकवर्गातली आहेस म्हणून तुला कळेल. लांब स्वर धरायचा असतो तेव्हा सगळे एकदम श्वास घेत नाहीत. शेजारची घेते तेव्हा तू धरतेस, तू घेतेस तेव्हा ती धरते. खाली बसलेल्याला फट ऐकू येत नाही. सध्या तुझी श्वासाची पाळी आहे. ऑगस्टपासून म्हणजे लांबलाय जरा, पण गाणं थांबलेलं नाही.

तिसरं, ऑर्गनवाला असून सांगतो. चार आवाजांत गाता येत नसेल तर भजनाला जा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक उगाच का अभंगांच्या मागे लागले होते? १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचं बोट सोडलं नाही. माणूस भजनात नुसता टाळ धरूनही उपासनेत असतो. आमच्या ऑर्गनसमोर नुसतं उभं राहिलं की हजेरी घेतल्यासारखं वाटतं, हे कबूल.

कबरस्तानात जा. गायचं की नाही ते तिथं गेल्यावर ठरेल.

केडगाव_शटल

तुमच्या पहिल्या प्रश्नावर मला पंडिता रमाबाई आठवल्या. (मी केडगावचा, त्यांचं मुक्ती मिशन आमच्याकडेच, त्यामुळं मला कशावरही त्याच आठवतात, घरचे वैतागतात.)

त्यांच्या घरातली माणसं कशी गेली बघा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात भटकताना वडील, पाठोपाठ आई, मग बहीण. १८८० मध्ये भाऊ. १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २३ वर्षांची बाई आणि कडेवर मनोरमा. पुढं त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे, म्हणजे धर्मभगिनींकडे. याच सिस्टरांचं काम आपल्या पुण्यातल्या पंचहौदेतही होतं. तिथून त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना सिस्टर तिथं आपल्यात ठेवून घेत, आजारपणं काढत. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, जिच्याशी येशू स्वतःहून बोलतो ती, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली. म्हणजे त्यांच्याकडेही आधी काम दिसलं, मग "का?" आलं आणि मग वचन. तुमच्या बाबांच्या "मग?"सारखंच.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्या स्वतःच पुढं लिहितात की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ही पंडिता, सरस्वती म्हणून गौरवलेली बाई. तिला आठ वर्षं लागली. तुम्हाला दृढीकरणापासून २८ लागली असतील तर लागली.

नंतर मनोरमाही आईच्या आधीच गेली, १९२१ मध्ये. रमाबाई १९२२ मध्ये. तोवर हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम चालूच होतं आणि मुक्तीतल्या बायकाच छापखान्यात खिळे जुळवत होत्या. दुःख संपलं आणि मग सेवा सुरू झाली असं त्या घरात कधी घडलं नाही.

घोरपडीची_आल्टो

ईस्टर होऊन गेला. सांगायचं राहून जात होतं.

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून दोन दिवस तुमचा राग आला. मग शनिवारी काकूंना सांगितलं. हात अजून गळ्यात बांधलेला, त्या नुसत्या देखरेखीला येतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "चहा कसा होता?" मी म्हटलं, "पाणचट." त्या म्हणाल्या, "मेल्यांनो." मग दोघी रडलो. कांदे अजून पिशवीतच होते, त्यामुळं कांद्याचं नाव पुढं करता आलं नाही.

पहाटे कबरस्तानात गेले. गायकवर्गात नाही, पण त्यांच्या शेजारी उभी राहिले. आईचं पुस्तक नेलं होतं. पहिली दोन गीतं नुसती ऐकली. शेजारी एक मुलगी होती, नवी, विशीतली, तिच्याकडे पुस्तक नव्हतं, म्हणून अर्धं तिच्याकडे धरलं. तिसऱ्या गीताला ती गाता गाता थांबली आणि कडेला बोट ठेवून म्हणाली, "हे काय आहे?" मी कानात सांगितलं. तिनं आद्याक्षरं परत वाचली, तारीख वाचली, २०१४ ची. म्हणाली, "ही माझी आजी आहे."

मग तिला पुढं गाता येईना. बाकीचे तर दुसऱ्या कडव्यावर पोहोचलेले. कुणीतरी खालचा आवाज धरायला हवा होता, म्हणून मी धरला. बेसूर होते. ऑर्गनवाले काका, आठ महिन्यांचा श्वास घेऊनही दोन ओळींत दम संपला.

निघताना ती मुलगी पानं उलटत होती. "तुमच्या आईची कुठं आहे?" नव्हतीच. ते काम आईचं, ती नसताना कोण करणार? घरी आले, मुलाच्या कंपासातली पेन्सिल घेतली आणि तिच्या गीताच्या कडेला लिहिलं. माझं अक्षर तिच्यापेक्षा मोठं आहे, जरा जास्त जागा लागली.

वेल्ह्याच्या बाबांचं पुढं काय झालं ते कळलं नाही. पुढच्या शनिवारी ते तिथं नव्हते. मीठ आता मी चाखून बघते.

कोथरूडचा_नास्तिक

शनिवारी किती वाजता जमता? मला कांदा चांगला चिरता येतो, बारीक. चर्चमध्ये येणार नाही.

घोरपडीची_आल्टो

तीन वाजता. सुरी घेऊन या, आमच्या बोथट आहेत. पत्ता मेसेज करते.