जाणकार जवळ नसताना घरी बाळंतपण: समर्थन कशाचं करताय?

अडुळसा
शहरातली काही जोडपी हल्ली म्हणतात, बाळंतपण हा आजार नाही, तेव्हा डॉक्टर नको, नर्स नको, घरीच होऊ दे. आजार नाही हे खरंच. पण नऊ महिने सगळं सुरळीत असलेल्या बाईचंही गर्भाशय बाळंतपणानंतर सैल पडू शकतं आणि रक्त थांबत नाही. ते आधीच्या कुठल्या सोनोग्राफीत कळत नाही. दवाखान्यात बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. अशा रक्तस्रावात दोन तासांत जीव जाऊ शकतो.

बाळाचंही तसंच. शंभरातल्या ५ ते १० बाळांना श्वास सुरू करायला मदत लागते. कोरडं पुसायचं, पाठ चोळायची, तरी श्वास नाही घेतला तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने (नाकातोंडावर मास्क धरून, पिशवी दाबून) हवा द्यायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा. व्हिडिओ बघून हे हातात बसत नाही.

पायवाट
शहरी हौसेबद्दल दुमत नाही. पण तीच फूटपट्टी सगळीकडे लावू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद. १०८ ची गाडी येणार कुठून? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरात घेतली आणि बालमृत्यू खूप खाली आणले. पुढे 'आशां'च्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, गृहभेटी देशभर सुरू झाल्या त्या याच पायावर. शिवाय रक्तस्राव रोखायला मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ३ गोळ्या तोंडावाटे देता येतात, त्याला फ्रीज लागत नाही.

अडुळसा
'सर्च'च्या त्या बायका शिकलेल्या होत्या, हाताशी वजनकाटा आणि मास्क होता. मग माझंच म्हणणं झालं की! आणि त्या गोळ्या बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करूनच द्यायच्या. आधी दिल्या तर गर्भाशय फाटू शकतं. पूर येणार हे जूनमध्ये ठाऊक असतं, मग तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (गरोदर बाईच्या मुक्कामाच्या सोयीत) राहायला जायला हवं.

दुधाचा_चमचा
दोघंही बाळंतपणापाशीच थांबलात. दवाखान्यात गेलं म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. सिझरनंतर बाळ वेगळं ठेवून पावडरचं दूध सुरू करणारे आहेतच. घरी चीक पिळून टाकतात आणि मध चाटवतात, हे दोन्ही घातक.

बोंड तोंडात गेलं म्हणजे बाळ पितंय असं नव्हे. तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. बोंडाभोवतीचा काळा भाग खालून कमी, वरून जास्त दिसायला हवा. गाल आत ओढले जात असतील, चुटचुट आवाज येत असेल, तर पकड चुकली आहे. करंगळी घालून सोडवा, पुन्हा लावा.

३४ आठवड्यांआधीच्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. तिथे पिळलेलं दूध बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने), पण ओतायचं नाही: बाळ उभट धरून काठ ओठाला टेकवायचा, त्याने गिळलं की पुढचा घोट. ओतलं की दूध श्वासनलिकेत जातं.

पायवाट
दूध ओढत नाही म्हणून लगेच गाडी काढायची का? पहिल्या दिवशी एका वेळी थोडंच दूध लागतं. घाबरवल्यानेच बाया पावडरच्या दुधाचा डबा आणतात.

दुधाचा_चमचा
कमी पिणं वेगळं, पिणं सुटणं वेगळं. दिवसातून ८ ते १२ वेळा पितंय, पाचव्या दिवसापासून सहा वेळा शू होतेय, तर डबा नकोच. पण आधी पिणारं बाळ ओढेनासं झालं, मलूल पडलं, तळवे थंड, श्वास मिनिटाला ६० च्या वर, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच तासाला निघायचं, वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून. "किती शांत बाळ आहे" म्हणत इथेच दिवस जातो.

पायवाट
हे पटलं. तेवढ्यासाठी एक भर घालतो: घरी बाळंतपण झालंच तर 'आशा'ला त्याच दिवशी कळवा. दवाखान्यातल्या बाळंतपणाला तिच्या सहा भेटी तिसऱ्या दिवसापासून असतात, घरच्याला सात, आणि ती जास्तीची भेट पहिल्याच दिवसाची आहे.