म्हाताऱ्या कुत्रीचं ऑपरेशन: करायचं की नाही?

वेळणेश्वरची
काल आंबेवाले भाऊंनी लिहिलं, "दहा वर्षांपुढच्या कुत्र्याचं ऑपरेशन म्हणजे नुसती मालकाच्या मनाची समजूत. मुक्या जिवाला शांतपणे जाऊ द्यावं." ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची चिंगी गावठी, ११ वर्षांची. गेल्या श्रावणात, माजावर येऊन गेल्याला महिना झाला असेल, ती बादलीच्या बादली पाणी प्यायला लागली. मग उलट्या, पोट टम्म. खालून पू-बिव काहीच जात नव्हतं, म्हणून आम्ही वयावर ढकललं. निघाला गर्भाशयात पू, तोंड बंद असलेला पायोमेट्रा. भाऊ, यात शांतपणे जाणं नसतं. पू आतच साठतो, विष रक्तात भिनतं. आमच्या खालच्या वाडीतली एक तशीच गेली. दोन रात्री तिचं कण्हणं आम्ही ऐकलंय.

भर पावसात चिपळूण गाठलं. डॉक्टरांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) आणि प्लेटलेट बघितल्या, कारण आपल्याकडे गोचीड तापाने प्लेटलेट खाली गेलेल्या असतात आणि कापल्यावर रक्त थांबत नाही. रात्रभर सलाईन, अँटिबायोटिक, मग सकाळी भूल. दहाव्या दिवशी टाके निघाले. आज ती पडवीत फणस फोडायची वाट बघत बसली आहे. वय म्हणजे आजार नाही. किडनी, हृदय काय म्हणतंय ते बघा, वाढदिवस मोजू नका.

मालवणचो
ताई, मी हय गजाली मारूक येवक नाय. तुमची वाचली, आनंद आहे. आमचा लॅब्रा १३ वर्षांचा होता. प्लीहेवर गाठ. घाट चढून कोल्हापूरला नेला, प्लीहा काढली. तपासणीत कर्करोग निघाला. एकोणिसाव्या दिवशी आत रक्तस्राव होऊन गेला. त्यातले बरेच दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, भिंतींवर आपटत फिरायचा. जन्म ज्या खळ्यात काढला तिथे त्याला धड लोळता आलं नाही. तो कर्करोग असेल तर ऑपरेशन करूनही बहुतेक कुत्री काही महिन्यांतच जातात, हे मला आधी कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी नेला नसता. आंबेवाल्यांचं मला पटतं.

निवृत्त_पशुधन
जनावरांच्या दवाखान्यात ३१ वर्षं काढली, म्हणून बोलतो. दोघांचे आजारच वेगळे, तुलना कशाला करता? पायोमेट्रात गर्भाशय काढणं हाच खरा उपाय. प्लीहेच्या गाठीत विचार करायला जागा असते. पण ताई, राग मानू नका, चिंगीची नसबंदी वेळेवर केली असती तर ही वेळच आली नसती. गर्भाशयच नाही तर पू कुठे होणार? पहिल्या माजाआधी केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही खूप घटतो. घरोघर हे सांगून घसा सुकला माझा.

वेळणेश्वरची
काका, ११ वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात कुत्रीची नसबंदी करणारं होतं कोण? दवाखाना गुरांचा. गाय अडली की डॉक्टर तिकडे पळणार, आणि पळायलाच हवं. मुंबईत परळला बैलघोड्याचं हॉस्पिटल आहे, त्याच आवारात १८८६ पासून पशुवैद्यकाचं कॉलेज आहे. आम्हाला मात्र पोटाच्या सोनोग्राफीलाही तालुका ओलांडावा लागतो. दोष आमच्यावर टाकू नका.

ठाण्याहून
सोय नाही हे कबूल, पण गावाला इच्छाही नसते. भात टाकला की कुत्रं पाळलं असं समजतात. लस नाही, गोचिडांचं औषध नाही.

वेळणेश्वरची
इच्छा? आमच्या वाडीत तीन लॅब्रा आहेत, तिन्ही मुंबई-पुण्याहून आलेले. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतले, ऑफिस सुरू झाल्यावर आईवडिलांकडे आणून सोडले. सत्तरीची माणसं ३० किलोचं जनावर सांभाळतात. मुलगा गणपतीला येणार, फोटो काढणार आणि "याला अजून डॉक्टरकडे नेलं नाही?" म्हणून आईला बोलणार!

ठाण्याहून
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी दर महिन्याला औषधं पाठवते.

मालवणचो
औषधं पाठवणं वेगळं आणि रात्री तीनला ओकारी पुसणं वेगळं. ऑपरेशननंतर उचलून बाहेर कोण नेणार, हे आधी ठरवायचं असतं. माझी बायको कमरेतून गेली त्यात.

ठाण्याहून
ते खरं आहे. माझी आई एकटीच असते. मी तो विचार केला नव्हता.

आंबेवाले
माझ्यावरून भांडू नका. आमची राणी १२ वर्षांची. मागच्या दोन स्तनांत गाठी आहेत, एक लिंबाएवढी. डॉक्टर काढू म्हणतात. मला धीर होत नाही. काल लिहिलं ते माझं मलाच समजावत होतो.

वेळणेश्वरची
मग तसं लिहायचं होतं ना भाऊ! मी उगाच तुटून पडले.

निवृत्त_पशुधन
स्तनांच्या गाठींपैकी साधारण निम्म्याच कर्करोगाच्या निघतात. आधी छातीचा एक्स-रे काढा. फुफ्फुसात पसरलं असेल तर कापू नका. नसेल आणि रक्ताचे रिपोर्ट बरे असतील, तर गाठ फुटायच्या आत काढून घ्या. फुटली की पावसाळ्यात माश्या बसतात, अळ्या पडतात. गॅसची भूल आहे का, विचारा. आणि दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन कधीही देऊ नका, कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते.

मालवणचो
पसरलं नसेल तर करा. हे मी म्हणतोय, म्हणजे बघा.

आंबेवाले
गुरुवारी एक्स-रेला रत्नागिरीला नेतो. गाडीत बसायला घाबरते ती.

मालवणचो
तिची रोजची गोधडी बरोबर न्या. आम्ही नेली नव्हती.